वहीतले आकडे आणि मीटरमधले आकडे

प्रश्न एका आईचा आहे. त्यांची दहा वर्षांची मुलगी पाचवीत शिकते. वजन ३२ किलो. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास तिला टाइप वन मधुमेह असल्याचे निदान झाले. पहिले पाच-सहा महिने साखर उत्तम राहिली आणि दिवसाला जेमतेम ८ युनिट इन्सुलिन पुरत होते. मुलगी स्वतः बोट टोचून आकडा वहीत लिहू लागली, त्याचे घरात सर्वांना कौतुक वाटले. आता तपासणीत एचबीएवनसी ९.६ आला. वहीत मात्र सगळे आकडे ११० ते १५० च्या दरम्यान आहेत. मीटरची मेमरी उघडून पाहिली, तेव्हा २८०, ३१२, ३४० असे आकडे सापडले. शाळेत केवळ वर्गशिक्षिकांना कल्पना आहे. मैत्रिणींना सांगू नकोस, असे आजीने बजावले आहे. ‘तिच्यासाठी आम्ही घरात गोड आणणे बंद केले, धाकट्या भावासाठीसुद्धा, आणि ती आमच्याशीच खोटे बोलते. तिला शिस्त कशी लावू?’ असे त्या विचारतात.

मी गेली बावीस वर्षे मधुमेह असलेल्या मुलांवर उपचार करते आहे. खोट्या वह्या मी इतक्या पाहिल्या आहेत, की या प्रश्नाला थोडक्यात उत्तर देणे मला योग्य वाटत नाही.

शिस्तीचा विचार तूर्त बाजूला ठेवून आधी हिशेब करू. एचबीएवनसी ९.६ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातल्या साखरेची सरासरी साधारण २३० आहे. वहीतले आकडे खरे असते, तर हीच तपासणी सव्वासहाच्या आसपास आली असती. म्हणजे वही खोटी आहे, यात शंका नाही. परंतु साखर मुळात एवढी का वाढली, हा पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मिळाले की वहीचेही कोडे बरेचसे सुटते.

टाइप वन मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवरच हल्ला करून त्या नष्ट करते. गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही. निदानाच्या वेळी त्यांतील काही पेशी शिल्लक असतात, आणि बाहेरून इन्सुलिन मिळू लागले की त्यांच्यावरचा ताण उतरून त्या काही काळ पुन्हा काम करू लागतात. या काळाला आम्ही ‘हनिमून’ म्हणतो. तो काही आठवडे टिकतो, काही मुलांत वर्षभर किंवा त्याहूनही अधिक टिकतो, आणि मग ओसरतो. नेमका याच काळात कोणीतरी काढा सुरू केलेला असतो, म्हणून कमी झालेल्या डोसचे श्रेय काढ्याला मिळते. काही घरांत तर इन्सुलिनच थांबवले जाते, आणि ते मूल धाप लागलेल्या, उलट्या होत असलेल्या अवस्थेत अतिदक्षता विभागात येते. काढा असो वा कारल्याचा रस, इन्सुलिनची जागा यांपैकी कशानेही भरून निघत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही नीट समजावून सांगा.

हनिमून संपल्यानंतर या वयाच्या मुलांना सर्वसाधारणपणे वजनाच्या दर किलोमागे ०.७ ते १ युनिट इन्सुलिन रोज लागते. तुमच्या मुलीच्या बाबतीत ते २२ ते ३२ युनिट होते. तिला अजूनही त्याच ८ युनिटांच्या आसपास डोस मिळत असेल, तर तिने दिवसभर वाऱ्यावर जगायचे ठरवले तरी साखर खाली येणार नाही. डोस किती आणि कसा वाढवायचा हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे, पण साखर वाढण्यामागे मुलीची चूक असावी असे मला तुमच्या वर्णनावरून मुळीच वाटत नाही.

आता हीच गोष्ट तिच्या बाजूने पाहा. पहिले सहा महिने आकडा चांगला आला की घर आनंदी होत असे. आई हसायची, बाबा फोनवर मामाला सांगायचे, आजी देवापुढे साखर ठेवायची. तिने काही वेगळे केले नव्हते. तिच्या उरलेल्या बीटा पेशी काम करत होत्या. पण दहा वर्षांच्या मुलीने त्याचा अर्थ असा लावला, की हे मी केले, मी चांगली आहे. मग एके दिवशी मीटरवर २८० आले. तिने तेच खाल्ले होते, तेवढीच सुई घेतली होती, तरीही २८०. ‘काय खाल्लंस?’ हा प्रश्न त्या दिवशी घरात कोणी ना कोणी विचारलाच असणार, आणि ‘काही नाही’ हे तिचे खरे उत्तर कोणाला पटले नसणार. खरे बोलून विश्वास मिळत नाही, हे मुलांना फार लवकर कळते. दुसऱ्या दिवशी तिने वहीत १२८ लिहिले, आणि घर पुन्हा आनंदी झाले.

मुले आकडे लपवतात ती बहुतेक वेळा आई-वडिलांना सांभाळण्यासाठी. एका बारा वर्षांच्या मुलाने मला सांगितले होते, की तीनशेच्या वर आकडा आला की आई जेवत नाही, म्हणून तो तीनशेच्या वरचे आकडे लिहीतच नाही. ती आई त्या वेळी समोर बसलेली होती. ती नंतर बराच वेळ काही बोलू शकली नाही.

यात आम्हा डॉक्टरांचाही वाटा आहे, आणि माझा स्वतःचा आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी वही हातात घेऊन ‘छान’, ‘वाईट’, ‘हे काय केलेस?’ असे बोलत असे आणि मोठ्या आकड्यांवर लाल पेनाने गोल करत असे. शाळेच्या प्रगतिपुस्तकाची सवय झालेल्या मुलांसाठी ते गुणच होते. एका मुलीने दोन वह्या ठेवल्या होत्या, एक माझ्यासाठी आणि एक खरी, हे मला ती महाविद्यालयात गेल्यावर कळले. तोपर्यंत मी खोट्या वहीवरून तिचे डोस ठरवत होते, आणि त्यात तिला काही झाले असते तर दोष माझा होता. तेव्हापासून मी ‘चांगली साखर’ आणि ‘वाईट साखर’ हे शब्द सोडले. साखर जास्त असते, कमी असते किंवा ठरलेल्या मर्यादेत असते, एवढेच म्हणते. हा बदल छोटा वाटेल, पण घरात तो प्रत्यक्षात आणणे कठीण आहे, कारण आवाजापेक्षा चेहरा आधी बोलतो.

ही गोष्ट नवी नाही. इन्सुलिन सापडण्यापूर्वी अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन मधुमेही मुलांना जगवण्यासाठी जवळजवळ उपाशी ठेवत. त्या काळी तेवढाच उपाय हाती होता. त्यांच्याकडच्या एका बारा वर्षांच्या अंध मुलाच्या लघवीत साखर उतरत राहिली, तेव्हा खोदून चौकशी झाली आणि त्याने अखेर कबूल केले, की तो टूथपेस्ट खात होता आणि पिंजऱ्यातल्या कॅनरी पक्ष्याला घातलेले दाणेही. डॉक्टरांनी ते नोंदवताना, तो आधी बराच काळ नाकारत राहिला, याचीही नोंद केली आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले आणि मधुमेही मुलांची उपासमार संपली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज ही जवळपास पंधरा वर्षांची मुलगी इन्सुलिनच्या शोधकांपैकी एक असलेल्या डॉ. बँटिंग यांच्याकडे आली, तेव्हा तिचे वजन सुमारे २० किलो होते. ती १९८१ पर्यंत जगली, संसार केला, मुले वाढवली. आणि आपला आजार तिने आयुष्यभर बहुतेकांपासून लपवून ठेवला. औषध मिळाले तरी लपवण्याची गरज संपली नाही, हे मला त्या इतिहासात सर्वांत अधिक खटकते.

लपवण्याचे ओझे किती असते, हे समजण्यासाठी तिचा दिवस मोजून पाहा. दिवसाला चार सुया म्हणजे वर्षाला १,४६०. अठराव्या वर्षापर्यंत अकरा हजारांहून अधिक. बोट टोचणे त्याहून वेगळे. गंमत अशी, की मुलांना मी ‘सर्वांत नकोसे काय वाटते?’ असे विचारते, तेव्हा सुई हे उत्तर पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर क्वचितच येते. ‘सगळे जेवायला लागतात आणि मी थांबते.’ ‘वाढदिवसाचे चॉकलेट हातात घेतले की सगळा वर्ग माझ्याकडे बघतो.’ ‘पाहुणे माझ्यासमोरच आईला विचारतात, हिचे पुढे कसे होणार?’ मुलगी असली, तर या शेवटच्या प्रश्नात लग्नाची काळजी असते, आणि दहा वर्षांच्या मुलीलाही ती बरोबर कळते.

साखर कमी होण्याचा अनुभव तर मोठ्यांना कल्पनेनेही कळत नाही. ७० च्या खाली साखर गेली की हात थरथरतात, घाम येतो, भूक भडकते. लहान मुलांची भाषा वेगळी असते: ‘पाय मऊ झाले’, ‘डोळ्यांसमोर पाणी आले’, ‘बाईंचा आवाज लांबून येतो’. मेंदूला साखर पुरत नाही म्हणून मूल चिडते, उद्धट बोलते, रडते, आणि नेमके त्याच क्षणी त्याला रागावले जाते. ज्या मुलाला असे एकदा वर्गात सर्वांसमोर झाले, ते पुढे मुद्दाम साखर वाढलेली ठेवू लागते; अडीचशेवर त्याला सुरक्षित वाटते. तुमच्या मुलीला असे काही झाले होते का, हे तिला जरूर विचारा.

अशा वेळी, म्हणजे साखर ‘लो’ झाली की, काय द्यायचे, तेही स्पष्ट सांगते. वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.३ ग्रॅम ग्लुकोज पुरते. तिच्यासाठी ते ९ ते १० ग्रॅम, म्हणजे साखरेचे किंवा ग्लुकोज पावडरचे दोन सपाट चहाचे चमचे पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. चॉकलेट देऊ नये. त्यातील स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते, आणि शिवाय ‘लो झाले तरच चॉकलेट मिळते’ हे गणित मुलाच्या डोक्यात बसले, तर ते लो झाल्याचे सांगू लागते. औषध आणि खाऊ वेगळेच राहू द्यावेत. मूल बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून तातडीने रुग्णालयात न्यावे, आणि घरी ग्लुकॅगॉन (साखर वाढवणारे औषध) असल्यास शिकवल्याप्रमाणे द्यावे.

यावरून शाळेचा विषय आलाच. केवळ वर्गशिक्षिकांना ठाऊक असणे पुरेसे नाही, कारण साखर खेळाच्या तासाला उतरते आणि तेव्हा मैदानावर दुसरेच सर असतात. खेळाचे शिक्षक, बसमधल्या ताई आणि शेजारी बसणारी निदान एक मैत्रीण, यांना कळलेच पाहिजे. लो झालेल्या मुलीला एकटीला कार्यालयात किंवा पाणी प्यायला पाठवायचे नाही, हे त्यांना एका कागदावर लिहून द्या. तपासायला, खायला आणि लघवीला जायला परवानगी मागत बसावे लागू नये, हेही लिहा. सीबीएसईने २०१७ मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाण्याचे पदार्थ नेण्याची मुभा दिली, आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने वर्गात तपासणी, इन्सुलिन आणि मधले खाणे यांची सोय करण्याविषयी राज्यांना कळवले. तुमची शाळा कोणत्याही मंडळाची असो, मुख्याध्यापकांना पत्र देताना या दोन्हींचा उल्लेख करा.

मैत्रिणींना सांगायचे की नाही, हे आजींनी ठरवू नये आणि तुम्हीही ठरवू नये, तिला विचारावे. आजींचा हेतू नातीला जपण्याचाच आहे, हे मला समजते. पण लपवायला सांगितलेली गोष्ट मुलाच्या मनात लाजेची होते, आणि लाजेची गोष्ट मग तुमच्यापासूनही लपवली जाते. शाळेत लपव आणि घरी मात्र खरे सांग, हे दोन्ही एकदम दहाव्या वर्षी जमत नाही. टेनिसपटू अलेक्झांडर झ्वेरेव याला लहानपणापासून टाइप वन आहे. त्याने २०२२ मध्ये ते जाहीरपणे सांगितले. २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये कोर्टावर बसून सुई टोचू नये असे त्याला सांगण्यात आले, तेव्हा त्याने उघड आक्षेप घेतला. वसीम अक्रमनेही निदानानंतर अनेक वर्षे जलदगती गोलंदाजी केली. मुलांना ही नावे सांगावीत. मात्र ‘बघ, तो करतो, मग तुला काय होते?’ अशा सुरात सांगू नयेत.

घरातल्या गोडाविषयी माझे मत तुमच्याहून वेगळे आहे. तिच्यामुळे धाकट्या भावाचा श्रीखंडाचा डबा बंद झाला, हे तो तिला ऐकवत असणारच. बंद झालेल्या गोडाची भरपाई ती आपल्या आकड्यांनी करू पाहते आहे, असे मला वाटते. चार वेळा इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला जेवणातल्या कर्बोदकांचा अंदाज बांधून डोस ठरवायला शिकवता येते. मध्यम पोळीत साधारण १५ ते २० ग्रॅम, वाटीभर भातात २५ ते ३० ग्रॅम, असे मोजमाप घरातल्या वाट्यांनी आणि स्वयंपाकघरातल्या काट्याने महिनाभरात अंगवळणी पडते. ते आले, की गणपतीत एक उकडीचा मोदक जेवणासोबत, त्याचा हिशेब धरून, तिला खाता येतो. चोरून खाल्लेल्या मोदकाला इन्सुलिन मिळत नाही. ताटात वाढलेल्या मोदकाला मिळते. रोज गोड खावे असे मी म्हणत नाही, ते कोणत्याच मुलाने खाऊ नये.

आता प्रत्यक्ष काय करावे. तुम्ही मेमरी पाहिली आहे, हे तिला सांगा. गुप्तहेरगिरी झाली असे तिला नंतर कळू नये. सांगताना पहिले वाक्य असे असावे, की साखर वाढली ती तुझ्या चुकीने नव्हे, तुझ्या शरीराला आता जास्त इन्सुलिन हवे आहे आणि ते आम्हाला उशिरा कळले. ‘तू खोटे का लिहिलेस?’ हा प्रश्न त्या दिवशी विचारू नका. ती आपणहून बोलली तर ऐका, रडली तर रडू द्या. बोलली नाही तरी हरकत नाही; दोन आठवडे मोठा आकडा आल्यावर घरात काय घडते, हे ती पाहणार आहे, आणि त्यावरून ती ठरवणार आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ‘स्वतःचे स्वतः करते’ याचे कौतुक करण्याची घाई आपल्याकडे फार होते. दहा वर्षांचे मूल बोट टोचू शकते, इन्सुलिनचे पेन लावू शकते. पण डोस ठरवणे, आठवण ठेवणे आणि आकड्यांचा अर्थ लावणे ही कामे मोठ्यांचीच आहेत, आणि ती पौगंडावस्थेतही बरीच वर्षे वाटून घ्यावी लागतात. म्हणून काही महिने मीटरचा आकडा तुम्ही किंवा तिच्या बाबांनी लिहावा. तिने बोट टोचावे, तुम्ही शेजारी बसावे, आकडा मोठा आला तर चेहरा न पाडता ‘बरं, आता काय करायचं?’ एवढेच म्हणावे. ते ओझे तिच्याकडून काढून घेणे ही शिक्षा वाटू नये, म्हणून ‘हे आमचे काम होते, आम्ही ते तुझ्यावर टाकले’ असे स्पष्ट सांगा. त्याच वेळी शाळेतून आल्याबरोबर ‘किती होती?’ असे विचारण्याऐवजी डब्याचे, मैत्रिणींचे, खेळाचे विचारा. आकडा दहा मिनिटांनीही विचारता येतो.

आकडा वाढण्याची इतर कारणेही तपासावी लागतील. एकाच जागी टोचत राहिल्याने कातडीखाली गाठ झाली आहे का, हे बोटांनी चाचपून पाहा. मुले गाठीतच टोचतात कारण तिथे दुखत नाही, आणि तिथून इन्सुलिन नीट शोषले जात नाही. इन्सुलिनची बाटली वापरत असाल, तर बाटलीवर ४० (म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट) लिहिले असताना सुई लाल टोपणाचीच हवी. नारिंगी टोपणाची सुई १०० च्या इन्सुलिनसाठी असते, आणि ही अदलाबदल झाली तर डोस अडीच पटींनी चुकतो. उन्हाळ्यात गाडीत राहिलेले किंवा फ्रीजरमध्ये गोठलेले इन्सुलिन निकामी होते. ताप, सर्दी, परीक्षा आणि वाढीचे वय यांनीही साखर चढते. आंबा खाऊन न धुतलेल्या बोटावर मीटर खोटाच मोठा आकडा दाखवते, हेही मी अनेकदा पाहिले आहे. साखर २५० च्या वर असून उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल, तर मात्र यांपैकी कशाचाही शोध घेत न बसता लघवीतील किंवा रक्तातील कीटोन (इन्सुलिन अपुरे पडले की शरीरात साचणारी आम्ले) तपासावेत आणि थेट रुग्णालय गाठावे.

ती खेळायला जात नसेल, झोपत नसेल, सतत उदास असेल, किंवा पुढे मोठी होताना वजन कमी करण्यासाठी सुया चुकवत असल्याची शंका आली, तर मुलांच्या समुपदेशकाची मदत घ्यायला उशीर करू नका. खर्चाची अडचण असेल, तर नागपूरची ड्रीम ट्रस्ट आणि छत्रपती संभाजीनगरची उडान या संस्था अशा मुलांसाठी काम करतात. तिथे मुलांना आपल्यासारखी दुसरी मुले भेटतात, आणि वीस मुले एकत्र बसून जेवणाआधी सुया टोचत आहेत, हे दृश्य पाहिल्यावर घरी परतलेले मूल बदललेले मी पाहिले आहे.

डॉक्टरांची वेळ या आठवड्यातलीच घ्या. तीन महिने थांबू नका. जुनी वही नेली नाही तरी चालेल. मीटर, वापरात असलेले इन्सुलिन, सुया आणि सध्याचा डोस लिहिलेला कागद न्या. आणि एचबीएवनसीबद्दल बोलणे सुरू झाले, की तिला बाहेरच्या बाकावर बसायला पाठवू नका.